दहा वाव पाण्याखालचा अहवाल

लेफ्टनंट साकुमा त्सुतोमु यांनी १५ एप्रिल १९१० रोजी हिरोशिमाच्या उपसागरात, समुद्राच्या तळाशी रुतून बसलेल्या पाणबुडीत, पेन्सिलीने ३९ पाने लिहिली. नोंदवही खिशात मावेल एवढी होती. शेवटची नोंद दुपारी १२ वाजून ४० मिनिटांची आहे. दोन दिवसांनी बोट वर काढली, तेव्हा आत चौदा मृतदेह होते आणि साकुमांच्या मृतदेहापाशी ही नोंदवही. तिच्या छायाप्रती जपानभर फिरल्या, वर्तमानपत्रांनी मजकूर छापला आणि पुढे शाळेच्या नीतिपाठांत त्याचा धडा झाला. चौदा माणसे न डगमगता मेली, हे त्या धड्याचे सार.

ते खोटे नाही. पण नोंदवही ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने वाचली, तर वेगळेच काही हाती लागते. सुरुवातीला सम्राटांची बोट बुडवल्याबद्दल आणि हाताखालच्या माणसांचा जीव घालवल्याबद्दल क्षमायाचना आहे. पाठोपाठ विनंती आहे, की या अपघातामुळे पाणबुड्यांची प्रगती खुंटू नये, सर्वांनी अभ्यास नेटाने चालू ठेवावा. आणि लगेच दोन मथळे येतात : बुडण्याचे कारण, आणि तळाला टेकल्यानंतरची स्थिती. निरोप, नमस्कार, घरच्यांची व्यवस्था हे सारे त्यानंतर. म्हणजे लिहिणाऱ्याच्या लेखी हा आधी एका यंत्राच्या अपघाताचा अहवाल होता आणि मृत्युपत्र नंतर. तो अहवाल म्हणूनच इथे तपासायचा आहे. हाताशी तीन पुरावे आहेत : नोंदवही, वर काढलेल्या बोटीत जे दिसले ते, आणि त्या बोटीची मापे. यातला तिसरा पुरावा गोष्ट सांगणारे सहसा वगळतात. मला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते.

रशियाशी युद्ध जुंपल्यावर, १९०४ साली, जपानने अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीकडून पाच पाणबुड्या घेतल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या गोदीत त्या तयार झाल्या, सुट्या करून जहाजाने योकोसुकाला आल्या आणि तिथे पुन्हा जोडल्या गेल्या. त्या सेवेत दाखल होऊ लागल्या १९०५ च्या ऑगस्टमध्ये. त्सुशिमाची लढाई मे महिन्यातच आटोपली होती, त्यामुळे त्यांचा युद्धात काही उपयोग झाला नाही. या बोटींचा मूळ जनक जॉन फिलिप हॉलंड हा आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेला शाळामास्तर. अमेरिकी आरमाराने १९०० साली दीड लाख डॉलरला विकत घेतलेली पहिली पाणबुडी त्याचीच. पण १९०४ पर्यंत कंपनीशी त्याचे बिनसले होते आणि तो बाहेर पडला होता. कोबेच्या कावासाकी गोदीने मग थेट हॉलंडकडूनच नवे आराखडे मिळवले आणि त्यांवरून दोन बोटी बांधल्या, सहा नंबरची, म्हणजे पुढे साकुमा जिच्यात मेले ती, आणि सात नंबरची. सहा नंबरची सप्टेंबर १९०५ मध्ये पाण्यात उतरली आणि मार्च १९०६ मध्ये पूर्ण झाली. जपानच्या भूमीवर बांधलेली ही पहिली पाणबुडी.

आता मापे पाहा. अमेरिकेहून आलेल्या पाच बोटी प्रत्येकी सुमारे २० मीटर लांब, साडेतीन मीटरहून थोड्या जास्त रुंद, पाण्यावर असताना १०३ टनांच्या. सहा नंबरची त्यांच्याहून लांब, साडेबावीस मीटर; पण रुंदी जेमतेम २.१ मीटर आणि वजन ५७ टन. निम्म्याहून थोडे जास्त वजन आणि सडपातळ अंग. या छोट्या बोटीत बसवलेले पेट्रोल इंजिन मात्र ३०० अश्वशक्तीचे, मोठ्या बोटींतले १८० चे. उलट पाण्याखाली चालण्यासाठीची विजेची मोटर मोठ्या बोटींत ७० अश्वशक्तीची, तर हिच्यात २२ ची. पहिल्या पाच बोटींत मोटरची ताकद इंजिनाच्या साधारण दोन-पंचमांश होती. इथे ती चौदाव्या हिश्शावर आली. परिणाम आकड्यांतच दिसतो. पाण्यावर वेग साडेआठ नॉट, पाण्याखाली चार. मोठ्या बोटी पाण्याखाली सात नॉटपर्यंत जात असत.

एवढी अशक्त मोटर असलेल्या बोटीच्या कप्तानाला काय वाटत असेल, याचा तर्क अवघड नाही. तीनशे घोड्यांचे इंजिन अंगाखाली आहे, पण पाण्याखाली गेले की ते बंद ठेवावे लागते, कारण इंजिनाला हवा लागते. मग बोट पूर्ण न बुडवता, फक्त हवेची नळी पाण्याबाहेर ठेवून, इंजिनावरच चालवली तर? याला जपानी आरमारात पेट्रोलवर बुडून चालणे म्हणत आणि १५ एप्रिलला सकाळी सहा नंबरची बोट हाच सराव करत होती. कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. १९३० नंतर डच आरमाराने नळीतून हवा घेऊन डिझेल इंजिनावर चालणाऱ्या पाणबुड्या काढल्या, त्यांच्याकडून ती युक्ती जर्मनांनी उचलली, आणि आजच्या डिझेल पाणबुड्याही तेच करतात. फरक नळीच्या तोंडाशी आहे. जर्मनांच्या नळीला तरंगणारी झडप असे; लाट आली की ती पाण्याच्याच रेट्याने आपोआप बंद होई. सहा नंबरच्या बोटीत नळीची झडप आतल्या माणसाने साखळी ओढून बंद करायची होती.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्या काळात पाणबुडीत पेट्रोल असणे हाच एक धोका होता. फेब्रुवारी १९०५ मध्ये आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात ब्रिटिशांची ए-५ पेट्रोलच्या वाफांच्या स्फोटाने उडाली. ब्रिटिश बोटींत विषारी वायू ओळखण्यासाठी पांढरे उंदीर पाळत. साकुमांच्या शेवटच्या ओळींत हे पेट्रोल पुन्हा येणार आहे.

आता नोंदवही. कारणाचे कलम फार तर तीन-चार ओळींचे आहे. पेट्रोलवर बुडून चालताना बोट नको तितकी खोल गेली. झडप बंद करायला घेतली तर मध्येच साखळी तुटली. मग हाताने बंद केली, पण तोवर उशीर झाला. मागचा भाग पाण्याने भरला आणि बोट सुमारे २५ अंशांच्या उतारावर खाली गेली. बोट खोल का गेली, सुकाणू कोणाच्या हातात होते, हे लिहिलेले नाही. इतिहास लिहिणाऱ्याने इथे थांबायला हवे. हा अहवाल ज्याने लिहिला तोच बोटीचा जबाबदार अधिकारी होता आणि सराव त्याच्याच हुकमाने चालला होता. असा साक्षीदार स्वतःला सोडवायला बघतो. साकुमांनी तसे केलेले नाही, पण दुसऱ्या कोणालाही अडकवलेले नाही. साखळी करणाऱ्या गोदीला नाही, झडपेपाशी असलेल्या खलाशाला नाही. पहिल्याच पानावर दोष आपल्या पदरात घेऊन त्यांनी पुढे फक्त घटनाक्रम दिला.

पुढे कंसात टाकलेली एक तांत्रिक टीप आहे, जिच्यावर वाचकांची नजर ठरत नाही. सुरक्षिततेसाठी जादा तरंगशक्ती ६०० ठेवली होती, मोटरवर चालताना ती २०० च्या आसपास असते, असे ती टीप सांगते. एकक दिलेले नाही. ते पौंड धरले, तर हिशोब सोपा आहे : ६०० पौंड म्हणजे सुमारे २७२ किलो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून थोडे जड, म्हणजे २६५ लिटरच्या आसपास पाणी आत आले की ही सगळी शिल्लक संपते. सव्वा पिंप पाणी. उघड्या नळीतून एवढे पाणी यायला किती वेळ लागेल? म्हणजे साकुमांनी नेहमीच्या तिप्पट सावधगिरी घेतली होती, हे या टिपेवरून खरे ठरते. आणि ती तिप्पट सावधगिरीही या बोटीत किती तुटपुंजी होती, हेही त्याच टिपेवरून कळते. एकदा साखळी तुटल्यावर तिचा काही उपयोग उरला नव्हता.

तळाला टेकल्यावर बोटीचे तोंड वर आणि शेपूट खाली, कल १३ अंश. खाली जाताना २५, तळाशी १३. आपटल्यावर बोट थोडी सरळ झाली, हे पटण्यासारखे आहे. मागे विजेच्या वाटपाचा फलक पाण्यात गेला, दिवे विझले, तारा जळाल्या आणि घाण वायू भरून श्वास घेणे कठीण झाले. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची. मुख्य टाकीतले पाणी खाली जातानाच दाबाच्या हवेने बाहेर काढले होते. अंधारात मापक दिसत नव्हता, पण टाकी रिकामी झाली असावी असे साकुमा लिहितात. ‘असावी’ हा शब्द त्यांचा आहे. जे पाहिले आणि जे अनुमानाने समजले त्यांत ते फरक करतात. वीज पूर्ण बंद. बॅटरीतले आम्ल थोडे सांडले, पण समुद्राचे पाणी तिच्यात शिरले नाही, त्यामुळे क्लोरीन झालेला नाही. शिल्लक हवा ५०० पौंड. इथेही एकक अर्धवट आहे, पण हवेच्या बाटल्यांचा दाब म्हटल्यावर दर चौरस इंचाला ५०० पौंड हाच अर्थ घ्यावा लागतो. उरला फक्त हातपंप. हे सर्व ११ वाजून ४५ मिनिटांनी, बोटीच्या माथ्यावरच्या मनोऱ्यातून येणाऱ्या उजेडात लिहिले, असे खाली नोंदले आहे.

क्लोरीनची ती ओळ मला या साऱ्या मजकुरात सर्वांत मोलाची वाटते. बॅटरीत खारे पाणी गेले की क्लोरीन होतो आणि बंद बोटीत तो माणसांना मारतो, ही त्या काळातल्या पाणबुड्यांची मोठी भीती होती. मरणाऱ्या माणसाला आपण क्लोरीनने मरत आहोत की जळलेल्या तारांच्या धुराने, याने काय फरक पडणार? पण पुढची बोट आखणाऱ्याला तो फरक हवा असतो. मागचा भाग पाण्याखाली जाऊनही बॅटरी कोरडी राहिली, हा चुकीच्या नव्हे तर बरोबर ठरलेल्या एका गोष्टीचा पुरावा होता, आणि साकुमांनी तोही नोंदवला.

दुसरी नोंद याहून नेमकी आहे. मनोऱ्यातला खोलीमापक ५२ दाखवतो, पाणी काढण्याची खटपट चालू आहे, पण १२ वाजेपर्यंत काटा जागचा हललेला नाही. इथे पाणी दहा वाव आहे, म्हणजे मापक बरोबर असावा. तपासून पाहू. ५२ फूट धरले तर सुमारे १५.८ मीटर. जपानी वाव जवळजवळ आपल्याच वावाएवढा, सहा फूट. दहा वाव म्हणजे सुमारे १८ मीटर. मधला फरक दोन मीटरांचा. मापक मनोऱ्यात, म्हणजे बोटीच्या वरच्या अंगाला आणि तीही तिरपी. तळ त्याच्या खाली. दोन मीटरांचा फरक असायलाच हवा. पाण्याखाली दोन तास काढलेल्या, कानांत दडे बसत असलेल्या माणसाने आपल्या मापकाची खातरजमा तिथल्या ठाऊक असलेल्या खोलीशी ताडून केली. एवढी शिस्त कित्येक चौकशी समित्यांच्या अहवालांतही सापडत नाही.

हातपंप का हरला, हेही या आकड्यांतून कळते. ५२ फुटांवर बाहेरच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोहून अधिक. प्रत्येक दांड्यामागे पाणी त्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलायचे, तेही भिजलेल्या, गारठलेल्या आणि धुरात श्वास घेणाऱ्या माणसांनी. मागच्या भागात आलेले पाणी इतके होते, की मुख्य टाकी रिकामी करूनही बोट उचलली गेली नव्हती. तासा-दोन तासांत हाताने ते काढणे शक्य नव्हते. तरीही ते थांबले नाहीत.

एका ठिकाणी मात्र सूर बदलतो. लोक या अपयशाला हसतील, पण माझे पूर्वीचे म्हणणे चुकीचे नव्हते, असे साकुमा लिहितात. ते म्हणणे असे, की पाणबुडीवरच्या माणसाने बारकाईने काळजी घ्यावी, पण धाडस सोडू नये. अति काळजीने आखडून गेले तर हे शस्त्र पुढे जाणार नाही. माझ्या मते संपूर्ण नोंदवहीत हाच एक परिच्छेद साक्षीदाराचा नसून वकिलाचा आहे. साखळीने बंद होणाऱ्या झडपेवर भरवसा ठेवून खोल पाण्यात इंजिन चालवणे हे धाडस होते की बोटीच्या दुबळेपणावर पांघरूण घालण्याची सवय, हा प्रश्न ते स्वतःला विचारत नाहीत. विचारायला त्यांना वेळही नव्हता. प्रश्न विचारायचा होता तो किनाऱ्यावरच्या लोकांनी, आणि त्यांना नीतिपाठ अधिक सोयीचा वाटला.

मग पाणबुडीवर निवडक माणसेच घ्यावीत अशी सूचना. आपण घर सोडताना नेहमी मरणाची तयारी ठेवतो, म्हणून खासगी मृत्युपत्र ‘कारासाकी’ जहाजावरच्या खणात आधीच लिहून ठेवलेले आहे, ते वडिलांना द्यावे. आणि सम्राटांना एकच विनंती : माझ्या हाताखालच्या माणसांच्या कुटुंबांवर उपासमारीची वेळ येऊ नये, मनात याखेरीज काही नाही. पुढे नौदलमंत्री सैतो यांच्यापासून सुरू होणारी नावांची यादी, तिच्यात त्यांचे दोन शिक्षकही. यादीच्या मध्येच, कंसात टाकावी तशी, हवेचा दाब वाढतो आहे, कानाचे पडदे फाटतील असे वाटते, अशी ओळ आहे. ही ओळही पुरावाच : आत पाणी आले आणि बाटल्यांतली हवा सुटली, की कोंडलेल्या हवेचा दाब वाढणारच. साडेबाराला श्वास अतिशय जड. पेट्रोल बाहेर फुंकून टाकले असे वाटते, पण पेट्रोलची झिंग चढली आहे. १२.४०, आणि मजकूर तिथे थांबतो.

शेवटच्या या ओळीची सांगड वर काढलेल्या बोटीशी बसते. चौदापैकी बारा जण आपापल्या जागी मिळाले. दोघे जागेवर नव्हते. ते फुटलेल्या पेट्रोल नळीपाशी होते आणि ती दुरुस्त करण्याच्या खटपटीत मेलेले दिसत होते. बोट हलकी करायला पेट्रोल बाहेर काढायचे ठरले, त्या दाबाने नळी फुटली आणि वाफा आत पसरल्या, असा क्रम मला संभवनीय वाटतो. हा तर्क आहे. पण नोंदवहीतली झिंग आणि नळीपाशी सापडलेले दोघे यांची संगती दुसऱ्या कुठल्या तर्काने लागत नाही.

बाकीची हकिकत थोडक्यात. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कादंबरीकार नात्सुमे सोसेकी पोटाच्या दुखण्याने इस्पितळात होते. तिथून त्यांनी या नोंदवहीवर लेख लिहिले आणि शौर्याला खोटे मानणाऱ्या निसर्गवादी लेखकांपुढे ती ठेवली. मागे एका इंग्रजी बोटीत माणसे उजेडाच्या खिडकीखाली एकमेकांवर पडून मेली होती, अशी ऐकीव तुलनाही त्यांनी दिली. बोट कोणती ते सांगितले नाही. जपानी धीर विरुद्ध परक्यांची धांदल, ही मांडणी पुढे लोकप्रिय झाली. तिला आधार काय, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. तिच्यावाचून नोंदवहीचे काहीच उणे होत नव्हते.

अपघातानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २६ मे १९१० रोजी, कॅलेजवळ प्रवासी बोटीची धडक बसून फ्रान्सची ‘प्लुव्हिओझ’ बुडाली. २७ जण मेले. १९०४ पासून इंग्लंड, रशिया, फ्रान्स, इटली, जपान अशा प्रत्येक आरमाराने अशा बोटी गमावल्या. हॉलंडला जपानने उगवत्या सूर्याचे पदक दिले होते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध नुकतेच सुरू झालेले असताना, तो वारला. पेट्रोल इंजिने तोवर मागे पडू लागली होती आणि डिझेल आले होते.

सहा नंबरची बोट दुरुस्त करून पुन्हा सेवेत घेतली गेली. १९२० मध्ये तिला निवृत्त केले आणि कुरे इथल्या नौदल तळावर स्मारक म्हणून ठेवले. दुसऱ्या महायुद्धात जपान हरल्यानंतर ती भंगारात निघाली.